आरोप, कैद आणि जामीन : इस्लामी न्यायविचाराच्या प्रकाशात

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, जो न्याय करणाऱ्यांवर प्रेम करतो, आणि दरूद व सलाम असो त्या अंतिम प्रेषितांवर (सल्ल.), ज्यांनी शत्रूच्या बाबतीतही न्यायाचा तराजू झुकू दिला नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, मराठीत रोज वापरला जाणारा ‘जामीन’ हा शब्द मूळचा अरबी ‘ज़ामिन’ होय. दुसऱ्याची जबाबदारी जो आपल्या अंगावर घेतो, तो ज़ामिन. आज आपण ‘त्याला जामीन मिळाला’ असे म्हणतो तेव्हा सुटका हा अर्थ मनात असतो. परंतु ‘त्याला जामीन कोण राहिले?’ या जुन्या वाक्प्रयोगात मूळ अर्थ अजून जिवंत आहे. तेथे जामीन म्हणजे कागद नव्हे, माणूस आहे. ‘जातमुचलका’ या शब्दातील ‘जात’ही अरबी ‘ज़ात’ आहे. स्वतः, व्यक्ती, असा तिचा अर्थ. आरोपीने इतर कोणाचा आधार न घेता स्वतःच्याच शब्दावर दिलेली हमी म्हणजे जातमुचलका. न्यायालयाची मराठी भाषा घडली तेव्हा तिने फिकहचे हे शब्द आपलेसे केले. त्या शब्दांमागील विचार मात्र आपल्यापैकी अनेकांना अपरिचित राहिला आहे. त्या विचाराची ओळख करून देणे हा या पाठाचा हेतू आहे.

प्रश्न असा आहे : एखाद्यावर आरोप झाला आहे, तो सिद्ध झालेला नाही आणि खोटाही ठरलेला नाही. आरोप आणि निकाल यांच्या मधल्या काळात त्या माणसाचे काय करावे? त्याला कोंडून ठेवावे, तर तो निर्दोष असल्यास न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा निकालाआधीच भोगून बसतो. मोकळे सोडावे, तर तो दोषी असल्यास पळून जाऊ शकतो, साक्षीदारांना धमकावू शकतो, पुन्हा कोणाला इजा करू शकतो. दोन्ही बाजूंना माणसाचा हक्क आहे. आरोपी अल्लाहचा बंदा आहे आणि पीडितही. न्यायाधीशाला खरोखर कोण कसे आहे हे ठाऊक नसताना निर्णय द्यावा लागतो. म्हणून हा निर्णय अंतिम निकालापेक्षा सोपा नाही. एका अर्थी तो अधिक अवघड आहे.

ह. यूसुफ (अलै.) : खटल्याविना कैद

पवित्र कुरआनने या प्रश्नाचे चित्र सूरह यूसुफमध्ये आपल्यासमोर ठेवले आहे. ह. यूसुफ (अलै.) यांच्यावर आरोप झाला. त्या घराण्यातीलच एका व्यक्तीने कसोटी सांगितली : सदरा पुढून फाटला असेल तर बाई खरी, मागून फाटला असेल तर यूसुफ खरे. सदरा मागून फाटलेला निघाला (12:26-28). म्हणजे पुरावा आरोपीच्या बाजूने होता. तरीही कुरआन सांगते की, या निशाण्या पाहिल्यानंतरसुद्धा त्या लोकांना हेच सुचले की त्यांना काही काळ तुरुंगात टाकावे (12:35).

या आयतीवर थोडे थांबावे. पहिली गोष्ट, कैदेचे कारण पुरावा नव्हते. तफ्सीरकारांनी लिहिले आहे की शहरात पसरलेली चर्चा शमावी, प्रतिष्ठितांची अब्रू झाकली जावी, हा हेतू होता. लोकांची तोंडे बंद व्हावीत म्हणून एका निर्दोषाला आत टाकणे हा अन्याय किती जुना आहे, हे यावरून कळते. दुसरी गोष्ट, कैदेला मुदत नव्हती. कुरआनचा शब्द ‘काही काळ’ असा आहे. किती काळ, हे कोणीच ठरवले नव्हते. पुढे बरोबरच्या कैद्याने सुटल्यावर आठवण द्यायची ती दिली नाही आणि यूसुफ (अलै.) कित्येक वर्षे तेथेच राहिले (12:42). मुदत नसलेल्या कैदेत माणूस विसरला जातो.

नंतर राजाचा दूत सुटकेचा निरोप घेऊन आला, तेव्हा यूसुफ (अलै.) लगेच बाहेर पडले नाहीत. आधी त्या प्रकरणाची चौकशी व्हावी, असे त्यांनी कळवले (12:50). चौकशी झाली, खरे उघड झाले, मग ते सन्मानाने बाहेर आले. बुखारी व मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, यूसुफ जितका काळ कैदेत राहिले तितका काळ मी राहिलो असतो, तर बोलावणाऱ्याच्या हाकेला मी ओ दिली असती, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) म्हणाले. यात यूसुफ (अलै.) यांच्या धैर्याचा गौरव आहे आणि प्रेषितांची (सल्ल.) नम्रताही. त्यातून आणखी एक गोष्ट समजते : सुटकेची इच्छा धरणे हा अपराध नाही. जामिनासाठी धडपडणारा माणूस म्हणजे दोषीच, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

याच सूरहमध्ये जामिनाचा पायाही आहे. धाकट्या मुलाला मिसरला पाठवण्यापूर्वी ह. याकूब (अलै.) यांनी मोठ्या मुलांकडून अल्लाहच्या नावे पक्के वचन घेतले की ते त्याला परत आणतील, अपवाद एकच, ते स्वतःच सर्व बाजूंनी घेरले गेले तर (12:66). माणसाला हजर करण्याची हमी, म्हणजे ‘कफालत बिन्नफ्स’, वैध असल्याचे अनेक फकीह याच आयतीवरून सांगतात. हमी देणाऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीची सूट त्या वचनातच दिलेली आहे, हेही ध्यानात ठेवावे. पुढे भावांनी ‘त्याच्या जागी आमच्यापैकी एकाला ठेवा’ अशी विनंती केली, तेव्हा ज्याच्याकडे वस्तू सापडली त्याला सोडून दुसऱ्याला धरणे हा जुलूम ठरेल, असे यूसुफ (अलै.) यांनी सांगितले (12:78-79). मुलगा सापडत नाही म्हणून बापाला किंवा भावाला ठाण्यात बसवून ठेवणाऱ्यांना या आयतीत उत्तर आहे.

सुन्नतची शिकवण

बहज बिन हकीम यांनी आपल्या वडिलांकडून व आजोबांकडून कथन केलेली हदीस अबू दाऊद, तिर्मिजी व नसाई या संग्रहांत आहे. प्रेषित (सल्ल.) यांनी एका माणसाला संशयावरून अडवून ठेवले आणि नंतर सोडून दिले, असा तिचा आशय आहे. या छोट्या हदीसमध्ये दोन्ही बाजू आल्या आहेत. संशयावरून काही काळ रोखणे शरीअतला मान्य आहे. ‘आरोपीला हात लावूच नये’ असे इस्लाम म्हणत नाही. परंतु रोखणे हे चौकशीपुरते आहे, आणि चौकशीतून काही निघाले नाही तर सुटका आहे.

त्याच घराण्यातून आलेली दुसरी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. प्रेषित (सल्ल.) खुत्बा देत असताना एक माणूस उभा राहिला आणि माझ्या शेजाऱ्यांना कशासाठी धरले आहे, असे त्याने विचारले. प्रेषितांनी (सल्ल.) दोनदा त्याच्याकडून तोंड फिरवले. तो विचारतच राहिला. अखेर त्याच्या शेजाऱ्यांना सोडून देण्याची आज्ञा झाली. पहा, भर मशिदीत, खुत्बा चालू असताना, कैदेचे कारण विचारण्याचा एका सामान्य माणसाचा हक्क तेथे मान्य झाला. शासनकर्त्याने कारण सांगावे, नाहीतर सोडावे. हा नियम कायद्याच्या पुस्तकात येण्याआधी मस्जिद-ए-नबवीत अमलात आला होता. आणि विचारणारा नातेवाईक नव्हता, शेजारी होता.

प्रेषितांचे सहाबी ह. नुअमान बिन बशीर (रजि.) हे अधिकारपदावर असतानाची घटनाही अबू दाऊदमध्ये आली आहे. काही लोकांची चोरी झाली. त्यांनी काही विणकरांवर संशय घेतला. नुअमान (रजि.) यांनी त्या विणकरांना काही दिवस रोखले आणि मग सोडून दिले. फिर्यादी चिडून आले : मारहाण नाही, झडती नाही, तसेच कसे सोडले? त्यावर त्यांच्या उत्तराचा भावार्थ असा होता : हवे असेल तर मारतो, माल निघाला तर ठीक, नाही निघाला तर तितकेच फटके तुमच्या पाठीवर. हा तुमचा हुकूम काय, असे त्यांनी विचारताच, हा अल्लाहचा व त्याच्या प्रेषिताचा हुकूम आहे, असे उत्तर मिळाले. ज्यांच्यावर संशय होता ते कष्टकरी विणकर होते. संशय नेहमी कोणत्या वस्तीकडे आधी वळतो, हे तेव्हाही तसेच होते.

ह. उमर (रजि.) यांच्याकडे इराकमधून एक जण आला आणि आमच्या भागात खोट्या साक्षींचा सुळसुळाट झाला आहे, असे त्याने सांगितले. तेव्हा विश्वासार्ह साक्षीदारांशिवाय इस्लाममध्ये कोणालाही डांबून ठेवले जाणार नाही, या आशयाचे शपथपूर्वक उत्तर त्यांनी दिले. इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मध्ये ही नोंद आहे. तसेच ह. उमर (रजि.) यांनी पाठवलेले अधिकारी हमजा बिन अम्र अस्लमी (रजि.) यांनी एका आरोपीकडून जामीन घेऊन प्रकरण खलीफांसमोर मांडले, हा उल्लेख सहीह बुखारीच्या कफालतविषयक प्रकरणात आहे. निर्णय होईपर्यंत माणसाच्या जबाबदारीवर माणूस मोकळा ठेवण्याचा हा स्पष्ट दाखला होय.

फकीहांनी काय सांगितले?

हनफी फिकहचा प्रसिद्ध ग्रंथ ‘हिदाया’ याचे कर्ते इमाम बुरहानुद्दीन मर्गीनानी (रह.) हिजरी 593 मध्ये निवर्तले. मदरशांमध्ये आजही शिकवल्या जाणाऱ्या या ग्रंथात कफालतचे दोन प्रकार सांगितले आहेत : मालाची आणि व्यक्तीची. व्यक्तीची हमी घेणाऱ्याने ठरलेल्या वेळी तिला हजर करावे. हजर न केल्यास काझी त्याच्यावर सक्ती करील. मात्र पहिल्याच वेळी त्याला कैद करणार नाही, कारण आपल्याला कशासाठी बोलावले आहे हे त्याला कदाचित कळले नसेल. आरोपी परगावी असेल तर जाऊन-येऊन त्याला आणण्यापुरती मुदत मिळेल. आरोपी मरण पावला तर जामीनदार मुक्त होईल. आरोपीची शिक्षा जामीनदाराला कोणत्याही स्थितीत दिली जाणार नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या या नियमांत कठोरपणा आणि समज दोन्ही एकत्र नांदताना दिसतात.

त्याच ग्रंथात प्रश्नाचा गाभाही आला आहे. हद्द व किसासच्या गंभीर प्रकरणांत आरोपीला केव्हा कैद करता येईल? उत्तर असे : ज्यांचे चारित्र्य अद्याप पारखलेले नाही असे दोन साक्षीदार पुढे आले, किंवा काझीला ठाऊक असलेला एक विश्वासार्ह साक्षीदार पुढे आला, तरच. कारण शिक्षेसाठी साक्षीची संख्या आणि साक्षीदारांची विश्वासार्हता ही दोन्ही अंगे लागतात. संशयावरच्या कैदेसाठी त्यांपैकी निदान एक अंग तरी पूर्ण असावे. म्हणजे शिक्षेइतका पुरावा लागणार नाही, पण नुसती तक्रार, अफवा किंवा अधिकाऱ्याचे मत पुरणार नाही. निकालपूर्व कैदेसाठी पुराव्याची इतकी नेमकी पायरी ठरवणे ही फकीहांची मोठी देणगी आहे.

इब्ने कय्यिम (रह.) यांनी आरोपींचे तीन वर्ग केले : ज्याची सचोटी सर्वज्ञात आहे, ज्याची गुन्हेगारी सर्वज्ञात आहे, आणि ज्याची काहीच माहिती नाही. पहिल्याला त्रास देऊ नये. तिसऱ्याला त्याची स्थिती स्पष्ट होईपर्यंत रोखता येईल, असे बहुसंख्य विद्वानांचे मत त्यांनी दिले. हे वर्गीकरण उपयोगी आहे, तसेच जपून वापरण्याजोगेही आहे. येथे पाहायचे ते त्या व्यक्तीचे स्वतःचे वर्तन. तिचे नाव, मोहल्ला वा जमात पाहून ‘हे असेच असतात’ असे ठरवणे म्हणजे पारख नव्हे. ते तेच ‘गुमान’ आहे ज्यापासून दूर राहण्याची आज्ञा सूरह हुजुरात (49:12) देते.

याच लेखकाने ‘हब्स’चा अर्थही उलगडून दाखवला आहे. शरीअतच्या दृष्टीने हब्स म्हणजे अंधारी कोठडी नव्हे. माणसाला मनमानीने वावरण्यापासून रोखणे म्हणजे हब्स, मग ते घरात असो, मशिदीत असो, किंवा फिर्यादीने वा त्याच्या प्रतिनिधीने आरोपीवर नजर ठेवण्याच्या स्वरूपात असो. प्रेषितांच्या (सल्ल.) काळात वेगळा तुरुंग नव्हता, ह. उमर (रजि.) यांच्या काळात मक्केतील एक घर त्यासाठी विकत घेतले गेले. आज न्यायालय पारपत्र जमा करायला, ठाण्यात आठवड्याला हजेरी द्यायला, साक्षीदारांच्या गावी न जायला सांगते, तेव्हा ते याच अर्थाने रोखते. रोखण्याचे काम अटींनी भागत असेल, तर कोठडी कशासाठी? न्यायाधीशापुढचा खरा प्रश्न हा आहे.

कैदेच्या मुदतीवरही मतभेद झाले. इमाम मावर्दी (रह.) यांनी दोन मते नोंदवली आहेत : एक, संशयावरची कैद एका महिन्यापेक्षा अधिक नसावी, दुसरे, मुदत शासनकर्त्याच्या विवेकावर सोडावी. परंतु मुदतीचा विचारच करू नये, असे म्हणणारा कोणी नव्हता.

या सर्वांत थेट शब्द इमाम अबू यूसुफ (रह.) यांचे आहेत. हिजरी 182 मध्ये निवर्तलेले हे इमाम अबू हनीफा (रह.) यांचे थोर शिष्य व खलीफा हारून रशीद यांचे मुख्य काझी होते. ‘किताबुल खराज’मध्ये ते खुद्द खलीफांना बजावतात की, एकाने दुसऱ्यावर आळ घेतला म्हणून त्याला कैद करणे वैध नाही. फिर्यादी व आरोपी यांना समोरासमोर आणावे. पुरावा असेल तर निवाडा करावा, नसेल तर आरोपीकडून जामीन घेऊन त्याला सोडावे. पुढे ते सांगतात की तुरुंग भरतात ते गुन्हे वाढल्यामुळे नव्हे, तर कैद्यांच्या प्रकरणांकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून. कैद्यांना अन्न मिळावे, उन्हाळ्या-हिवाळ्याचे कपडे मिळावेत, बेड्यांसह भीक मागायला त्यांना बाहेर काढणे बंद व्हावे, अशीही ताकीद त्यांनी दिली. याच कारणाने फिकहच्या ग्रंथांत नव्या काझीचे एक आरंभीचे काम ‘कैद्यांची स्थिती पाहणे’ असे सांगितले आहे : कोण आत आहे, कशासाठी आहे, पुरावा काय आहे.

आपल्या देशाचा कायदा

आपण भारताचे नागरिक आहोत आणि आपले खटले देशाच्या कायद्यानुसार चालतात. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर आहे. ‘अजामीनपात्र’ म्हणजे ‘जामीन मिळतच नाही’ असे नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसते. तेव्हा न्यायाधीश साधारणपणे पुढील गोष्टी पाहतात : सकृद्दर्शनी पुरावा आहे का, गुन्हा किती गंभीर आहे, आरोपी पळून जाण्याची शक्यता किती, तो साक्षीदार फोडील वा पुरावा नष्ट करील का, पूर्वी त्याने असे केले आहे का, त्याचे वय, प्रकृती व घरची स्थिती कशी आहे. संहितेत स्त्री, बालक, आजारी व दुर्बल यांच्यासाठी विशेष सवलत ठेवली आहे.

तपास वेळेत न झाल्यासही हक्क निर्माण होतो. मृत्युदंड, आजन्म कारावास किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत 90 दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत 60 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन मागण्याचा अधिकार आरोपीला मिळतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत वाढवता येते. कलम 479 नुसार कमाल शिक्षेचा अर्धा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर, सोडण्याची तरतूद आहे. मृत्युदंड वा आजन्म कारावासाच्या गुन्ह्यांना व एकाहून अधिक खटले प्रलंबित असणाऱ्यांना ती लागू नाही. ही तरतूद जुन्या प्रकरणांनाही लागू होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे मुदतीचा जो प्रश्न इमाम मावर्दींनी मांडला, तो येथेही केंद्रस्थानी आहे.

न्या. कृष्ण अय्यर यांनी 1977 साली, बालचंद प्रकरणात, जामीन हा नियम व तुरुंग हा अपवाद हे तत्त्व मांडले. तत्त्व आणि वास्तव यांत अंतर मात्र मोठे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते; त्यांतील 4,34,302, म्हणजे दर चारांतील तीन, न्यायाधीन होते.

गरिबीचा प्रश्न तर वेगळाच आहे. 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. त्याच्याकडे दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला गेला होता आणि त्याच्या भावाची हमी नाकारली गेली होती, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायालयाने ही पद्धत फटकारली. पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, हुसैनारा खातून या बंदिनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील असे कैदी समोर आले, ज्यांनी आपल्या कथित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ खटल्याविना काढला होता. जलद खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे तेव्हा ठरले. आजही जामीन मंजूर होऊनही जामीनदार, सातबारा वा ऐपतीचा दाखला मिळत नाही म्हणून माणसे आत राहतात. सूरह निसामध्ये (4:135) श्रीमंत असो वा गरीब, न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा आहे. ज्या जामिनाचे मोल केवळ पैशात होते, तो श्रीमंतासाठी दार असतो आणि गरिबासाठी भिंत.

काही विशेष कायद्यांत पारडे उलटे असते. बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) कायद्याच्या कलम 43-ड(5) नुसार, आरोप सकृद्दर्शनी खरा मानण्यास वाजवी कारणे दिसली तर जामीन देता येत नाही. समाजाला खरोखरच्या घातपातापासून वाचवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, यात वाद नाही. परंतु खटला वर्षानुवर्षे संपत नसेल तर? 2021 साली नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की अशा वेळी घटनात्मक न्यायालयांचा जामीन देण्याचा अधिकार या कलमाने संपत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण आपल्या स्मरणात असेल. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. नमाजला आलेली माणसे व मुले गेली. नऊ मुस्लिम तरुण आरोपी ठरले. पाच वर्षांनी, नोव्हेंबर 2011 मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्या वर्षांचा हिशेब केवळ त्या नऊ घरांचा नाही. ज्यांची मुले कब्रस्तानच्या दारात गेली, त्या आईबापांनाही न्यायासाठी थांबावे लागले. चुकीच्या माणसाला कोंडून ठेवल्याने पीडिताला काहीही मिळत नाही, हे जामिनाला ‘गुन्हेगारांची सोय’ म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

आपली कर्तव्ये

आपल्यापैकी थोडेच जण न्यायाधीश आहेत. पण जामीनदार, साक्षीदार, फिर्यादी, शेजारी व नातेवाईक होण्याची वेळ कोणावरही येते. त्या दृष्टीने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

1. जामीन राहणे ही अमानत आहे. जामीनदार देणेकरी होतो, अशा आशयाची हदीस तिर्मिजी व अबू दाऊदमध्ये आहे. ओळख नसताना, आरोपी हजर राहील याची खात्री नसताना सही करू नये. सही केल्यावर प्रत्येक तारखेची आठवण देणे व तो पळू पाहत असल्यास न्यायालयाला कळवणे ही जबाबदारी आहे.

2. हमी राहण्याचा मोबदला घेणे बहुसंख्य फकीहांच्या मते वैध नाही, कारण कफालत हे उपकाराचे कृत्य आहे, धंदा नव्हे. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन, खोटे दाखले जोडून उभे राहणारे व त्यांना उभे करणारे दुहेरी पाप करतात : हरामची कमाई आणि खोटी साक्ष.

3. जामीन म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. सुटून आलेल्याची मिरवणूक काढणे, फिर्यादीच्या दारात घोषणा देणे हा पीडितावर जुलूम आहे. जुलूम करणाऱ्या भावाला मदत करणे म्हणजे त्याचा हात धरणे, ही प्रेषितांची (सल्ल.) शिकवण बुखारीत आहे.

4. आपला माणूस म्हणून सत्य झाकू नये. सूरह निसाच्या 105 ते 112 या आयतींविषयी तफ्सीरकारांनी एक रिवायत दिली आहे : मुसलमान म्हणवणाऱ्या एकाने चोरी करून एका यहुद्यावर आळ घातला, त्याचे नातलग त्याच्या बाजूने बोलायला आले, आणि आयती उतरल्या त्या यहुद्याच्या निर्दोषत्वासाठी. स्वतः केलेला अपराध निर्दोषावर लादणाऱ्याला तेथे कठोर इशारा आहे.

5. शिफारशीतील फरक ओळखावा. मखजूम घराण्यातील स्त्रीची चोरी सिद्ध झाल्यावर ह. उसामा (रजि.) यांची शिफारस प्रेषितांनी (सल्ल.) फेटाळली; सिद्ध झालेल्या गुन्ह्यात वशिला चालत नाही. परंतु सिद्ध होण्याआधी कोणाला शिक्षा होऊ नये म्हणून बोलणे हा वशिला नव्हे. शेजाऱ्यांसाठी खुत्ब्यात उभा राहिलेला तो माणूस आठवावा.

6. गरीब बंद्याला वाट दाखवावी. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला 1987 च्या कायद्याने मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. जामीन मंजूर होऊन आठवड्यात सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात हमी देता आली नाही तर अटी शिथिल करण्याचा न्यायालयाने विचार करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी दिले आहेत. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या न्यायाधीन बंद्यासाठी साहाय्याची केंद्र सरकारची योजनाही 2023 पासून आहे. काही कठोर कायद्यांतील आरोपी तिच्याबाहेर आहेत.

7. जमातीने कर्जे हसनाचा निधी ठेवावा. जामिनाची रोख ठेव अटी पाळल्यास परत मिळते, म्हणून दानापेक्षा बिनव्याजी कर्ज येथे अधिक उपयोगी. बंद्याचे कुटुंब जकातीला पात्र असेल तर ती त्यांच्या हाती द्यावी. इतर तपशील जवळच्या मुफ्तींना विचारून ठरवावा. हे काम मुसलमान बंद्यापुरते ठेवू नये. बंदिवानाला सोडवण्याची व भुकेल्याला जेवू घालण्याची जी आज्ञा हदीसमध्ये आहे, तिच्यात भुकेल्याचा धर्म विचारलेला नाही.

8. निकाल येण्याआधी आपण निकाल देऊ नये. भ्रमणध्वनीवर आलेला फोटो पुढे पाठवण्याआधी सूरह हुजुरातची (49:6) आज्ञा आठवावी : बातमीची शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पश्चात्ताप होईल. न्यायाधीशाने रागात निवाडा करू नये, अशी प्रेषितांची (सल्ल.) आज्ञा आहे. मग संपूर्ण शहरच रागात असेल तेव्हा न्यायाधीशाच्या मनावर आपण आणखी भार टाकावा काय?

बंधू-भगिनींनो, कियामतच्या दिवशी आपण सर्वजण आरोपी म्हणूनच उभे राहू. तेथे जामीनदार नसेल, दाखला चालणार नाही, आणि कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही (6:164). त्या न्यायालयाकडून दयेची आशा धरणाऱ्याने येथील आरोपीकडे आणि पीडिताकडे न्यायाच्या नजरेने पाहावे.

हे अल्लाह, जे विनाकारण कैदेत आहेत त्यांची सुटका सुकर कर; ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांना न्याय दे; न्याय देणाऱ्यांच्या मनाला सत्य दाखव; आणि आम्हाला कोणाविरुद्ध खोटा शब्द उच्चारण्यापासून वाचव. आमीन.